सातवा, एकविसावा, चाळिसावा

(झरी, जि. परभणी येथे तरुण-तरुणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीला एक साधा प्रश्न विचारते. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरात 1 जूनला वाढदिवस असलेला माणूस आहे? अब्बा, चाचा, फुफी, दादी, सगळ्यांची आधार कार्डं आठवा आणि हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त हात वर आहेत. हसू नका, माझीही तारीख तीच आहे.

मराठवाड्यातल्या खेड्यांत जून म्हणजे शाळा उघडण्याचा महिना. घरचं कुणीतरी पोराला हाताला धरून शाळेत न्यायचं. गुरुजी विचारायचे, जन्मतारीख काय? उत्तर यायचं, "मोठा पूर आला होता, तवाचा हाय", नाहीतर "बकर ईद के पहले के जुम्मे को हुआ". गुरुजींना रजिस्टरात दिवस, महिना, वर्ष भरायचं असायचं. शाळेत घ्यायला वय पूर्ण झालेलं दिसलं पाहिजे, म्हणून ते लिहून टाकायचे, 1 जून. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे महाराष्ट्रात दर वर्षी 31 मे रोजी कचेऱ्या-कचेऱ्यांत निवृत्तीच्या हारांची गर्दी असते. ही गोष्ट फक्त आपल्या मोहल्ल्यातली नाही. मराठा, धनगर, बौद्ध, मुसलमान, सगळ्यांच्या घरात 1 जूनवाले आहेत.

माझ्या कागदांवर 1 जून 1993 आहे. तीस वर्षं मी ती तारीख फॉर्मवर भरत आले. तिच्यावर विचार करायची वेळ आली ती मात्र परदेशात, एका शनिवारच्या सहलीत.

2024 ची गोष्ट. 26 एप्रिलला परभणी लोकसभेचं मतदान झालं. मी मत दिलं आणि पुढच्या महिन्यात त्याच मतदार ओळखपत्रावर नेपाळला गेले. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. आधार कार्ड तिथे चालत नाही, लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोडून. ज्यांना जायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची सीमा पायी ओलांडली, मग डोंगरातल्या बसने गोरखा जिल्ह्यात. 25 एप्रिल 2015 च्या मोठ्या भूकंपाचं केंद्र याच जिल्ह्यात होतं. एका सरकारी शाळेत मुलांना गणित आणि कॉम्प्युटर शिकवायचं काम होतं. पगार नाही, राहणं-जेवण मिळायचं.

निघताना अब्बांनी एकच विचारलं होतं, "वहाँ अपने लोग हैं क्या?" अब्बांचं "अपने लोग" म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. आमचं घर मन्यारांचं. बांगड्यांचा धंदा. अब्बा आठवडी बाजारात बांगड्यांच्या पेटीसह बसतात. मी त्यांना म्हटलं होतं, माहीत नाही, गेल्यावर सांगते.

गेले, आणि दुसऱ्याच आठवड्यात बाजारात एका बांगड्यांच्या दुकानात एक आजी भेटल्या. डोक्यावर ओढणी, हातात तीच काचेची बांगडी चढवायची कसब, गिऱ्हाइकाचा तळवा दाबून अंगठा आत घ्यायची तीच रीत. नेपाळच्या मध्य डोंगराळ भागात, गोरखा, तनहूँ, कास्की, स्याङ्जा या जिल्ह्यांत, मुसलमानांचा एक जुना समाज राहतो. त्यांना चुरौटे म्हणतात. चुरा म्हणजे बांगडी. पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या विकणारे, म्हणजे आमचेच मन्यार. त्यांची घरची बोली उर्दू नाही, नेपाळी आहे. आजी नमाज अरबीत पढतात, भांडतात नेपाळीत. मी नमाज अरबीत पढते, अम्मीशी दखनीत बोलते आणि विचार मराठीत करते. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बांगडीचं माप घेताना काही अडलं नाही. त्या रात्री अब्बांना फोन केला, "हाँ अब्बा, हैं. चूड़ीवाले हैं."

आता वाढदिवसाकडे येते. नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. शाळा शुक्रवारी दुपारी लवकर सुटते, रविवारी पुन्हा भरते. मला ते सोयीचं होतं, जुम्म्याचा दिवस निवांत मिळायचा. त्या वर्षी 1 जूनला शनिवार आला. आमच्या गटात पाचजण होते, तीन बाहेरून आलेले स्वयंसेवक आणि शाळेतले दोन नेपाळी शिक्षक. आमचे फॉर्म त्यांच्याकडे होते, त्यामुळे तारीख त्यांना माहीत होती. मला न सांगता त्यांनी बंदिपूरची सहल ठरवली.

बंदिपूर हे तनहूँ जिल्ह्यात डोंगराच्या धारेवर वसलेलं जुनं व्यापारी गाव आहे. भक्तपूरहून आलेल्या नेवार व्यापाऱ्यांनी ते मोठं केलं. पुढे काठमांडू-पोखरा महामार्ग खालून, डुम्रेवरून गेला आणि वरची बाजारपेठ ओस पडली. आता जुने लाकडी वाडे, दगडी फरशीची पेठ, आणि आभाळ मोकळं असलं तर समोर हिमशिखरं. जूनमध्ये आभाळ मोकळं नसतं, आम्हाला धुकंच दिसलं. पेठेत एका उपाहारगृहात बसलो आणि त्यांनी पिशवीतून केक काढला. नेपाळीची लिपीही देवनागरी, त्यामुळे केकवर माझं नाव आपल्या अक्षरांत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाचा केक मी पाहत होते. आमच्या घरात केक कापायची पद्धत नव्हती. पैशाचाही प्रश्न होता आणि "हमारे में नहीं करते" हाही होता.

टाळ्या वाजल्या, केक कापला. मग एका नेपाळी शिक्षिकेने सहज विचारलं, "जन्म किती वाजताचा?" त्यांच्याकडे बऱ्याच घरांत जन्मपत्रिका करतात, तिला चिना म्हणतात, त्यामुळे वेळ माहीत असते. मी म्हटलं, विचारून सांगते. तिथूनच अम्मीला फोन लावला. "अम्मी, आज मेरा बर्थडे मना रहे, मैं कितने बजे हुई थी?" पलीकडून अम्मी हसायलाच लागली. "आज काय का बर्थडे? तू तो बारावफात के चाँद में हुई. जून में तो मैं अदरक-मिर्ची निंदने जाती थी पेट लेके."

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, अम्मी म्हणते आज माझा वाढदिवस नाही. आधी सगळे हसले. मग त्या शिक्षिकेने मोबाईलवर पाहिलं आणि म्हणाली, आमच्या पंचांगात आज जेठ 19, संवत 2081 आहे. आमच्या महिन्यांचे दिवस दर वर्षी कमी-जास्त होतात, त्यामुळे आमचा वाढदिवस इंग्रजी कॅलेंडरवर एखाद-दोन दिवस पुढे-मागे सरकतो. "पण खरा दिवस आम्हाला माहीत असतो," ती म्हणाली. "वडा कार्यालयात लिहिलेला असतो." वडा म्हणजे तिथला वॉर्ड. नेपाळच्या कायद्याप्रमाणे मूल जन्मल्यावर 35 दिवसांच्या आत वडा कार्यालयात जन्मदर्ता, म्हणजे जन्मनोंद, करायची असते.

दुसऱ्या आठवड्यात बांगडीवाल्या आजींना मी हाच प्रश्न विचारला, तुमच्याकडे नोंद करतात का? आजींनी दुकानातला पत्र्याचा डबा उघडला. त्यात नातवंडांच्या जन्मदर्ता प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या. नेपाळमध्ये सोळाव्या वर्षी नागरिकतेचं प्रमाणपत्र काढावं लागतं. ते नसलं तर पासपोर्ट नाही, बँकेत खातं नाही, नोकरी नाही. नेपाळमध्ये मुसलमान सुमारे पाच टक्के. "आपण थोडे," आजींचं म्हणणं होतं, "म्हणून आपला कागद आधी."

मला मात्र तिथे वेगळंच सुचलं. कमी असणं-जास्त असणं सोडा, मूल जन्मलं हे सरकारला सांगणं हा मुलाचा पहिला हक्क आहे. तो हक्क माझ्या बाबतीत कुणी हिरावून घेतला नव्हता. तो मागायला कुणी गेलंच नव्हतं.

परत आल्यावर मी माझी तारीख शोधायला बसले. बनी तो बनी, नहीं तो परभणी. नाही सापडली तर 1 जून आहेच.

माझा जन्म घरातच झाला, इथे झरीत. अम्मीकडे एक खूण होती, बारावफातचा चांद दिसला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. शेजारच्या मावशी त्या वेळी हजर होत्या. त्यांची खूण वेगळी, "धोंड्याचा महिना नुकता लागला होता, आमच्या जावयाला वाण द्यायचं होतं, अनारशाचं पीठ तसंच टाकून तुझ्या आईकडे पळाले." आणि तिसरी खूण दोघींची एकच. अम्मीचा चिल्ला पुरा झाला, चाळिसाव्या दिवसाचं न्हाणं झालं, आणि त्याच रात्री, पहाटे, जमीन हलली.

ती पहाट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. 30 सप्टेंबर 1993, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूरकडे किल्लारी आणि उस्मानाबादकडे सास्तूरच्या परिसरात गावंच्या गावं मातीखाली गेली, हजारो माणसं गेली. आपल्याकडे भांडी वाजली आणि लोक अंगणात आले. अम्मी मला घेऊन बाहेर बसली होती.

आता हिशोब करा. 29 सप्टेंबर हा चाळिसावा दिवस, तर पहिला दिवस 21 ऑगस्ट. 1993 साली अधिक महिना भाद्रपदाचा होता आणि तो 18 ऑगस्टच्या सुमारास लागला. म्हणजे मावशींचं बरोबर. त्याच अमावास्येनंतर रबीउल अव्वलचा चांद दिसला, म्हणजे अम्मीचंही बरोबर. एका मुसलमान बाईचा चांद, एका हिंदू बाईचा धोंडा आणि अख्ख्या मराठवाड्याचा भूकंप, तिघांनी मिळून माझी तारीख सांगितली. 21 ऑगस्ट 1993, शनिवार.

तुम्ही म्हणाल, छान गोष्ट आहे, पण अडीच महिन्यांच्या फरकाने काय बिघडलं? माझं काहीच बिघडलं नाही. उलट त्या गुरुजींचे उपकार आहेत. खरी तारीख लिहिली असती तर जून 1999 ला मी सहा वर्षांची भरले नसते. कदाचित वर्षभर घरी बसले असते. आणि खेड्यातल्या मुलीचं एक वर्ष घरी बसलं की पुढचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. त्यांनी मला एक वर्ष शाळा दिली. म्हणून मी ती तारीख बदलायच्या नादी लागलेली नाही. सगळे कागद त्याच तारखेचे आहेत, तेच राहू देत.

पण माझं चाललं म्हणून आज जन्मणाऱ्या मुलीचं चालेल असं नाही. मला बोलायचं आहे ते यावर.

आपल्या घरात मूल जन्मलं की आपण दिवस मोजतो. सातव्या दिवशी अकीका. जावळ काढायचं, नाव ठेवायचं, ऐपत असेल तर बकरा. सातवा दिवस कुणी विसरत नाही, नानी बोटांवर मोजत असते. चाळिसाव्या दिवशी चिल्ला. बाळंतिणीचं न्हाणं, नवे कपडे, फातेहा. तोही दिवस कुणी विसरत नाही, म्हणून तर तीस वर्षांनी माझी तारीख निघाली. या दोन दिवसांच्या मध्ये एक एकविसावा दिवस येतो. त्याला ना दावत, ना बकरा, ना नवे कपडे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 प्रमाणे जन्माची खबर 21 दिवसांच्या आत द्यायची असते. या मुदतीत नोंद फुकट होते आणि पहिला दाखलाही फुकट मिळतो. सातवा आपण मोजतो, चाळिसावा मोजतो, एकविसावा सोडतो.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर खबर द्यायची जबाबदारी दवाखान्याची. घरी झालं तर घरच्या कर्त्या माणसाची. गावात नोंद ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेत. आणि नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. मुलगी परभणीची, बाळंतपण जिंतूरला, मग सासर म्हणतं माहेरवाले करतील, माहेर म्हणतं सासरवाले करतील. अशात दिवस उलटतात. नाव ठरलं नाही म्हणूनही लोक थांबतात. थांबू नका. नाव न लिहिता नोंद करता येते. बारा महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

एकविसावा दिवस गेला तर काय? तिसाव्या दिवसापर्यंत थोडं शुल्क. त्यापुढे वर्षभरापर्यंत वरच्या नोंदणी अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. ही व्यवस्था 2023 च्या दुरुस्तीने आली. आपल्या राज्यात 2025 मध्ये अशा उशिराच्या नोंदींवर मोठा वाद झाला, शासनाने त्या काही काळ थांबवल्या आणि मग नियम कडक केले. राजकारण बाजूला ठेवलं तरी अर्थ साधा आहे. एकविसाव्या दिवशी जे काम अर्ध्या तासात होतं, त्यासाठी एका वर्षानंतर तहसीलच्या खेपा आहेत, प्रतिज्ञापत्र आहे, आणि संशयाची नजर आहे.

त्याच दुरुस्तीत दुसरी मोठी गोष्ट आहे. ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार, या सगळ्यांना जन्माची तारीख आणि ठिकाण यांचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल. माझ्या पिढीचं शाळेच्या दाखल्यावर भागलं. आपल्या भाच्या-पुतण्यांचं भागणार नाही. त्यांच्यासाठी कुणी गुरुजी 1 जून लिहून देणार नाहीत. आज ज्या घरात एक-दोन वर्षांचं मूल आहे, त्या घराला हे आज सांगायला हवं.

आणि मुलींसाठी हा कागद आणखी मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी, 2019 ते 21. परभणी जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. जवळजवळ निम्म्या. हा आकडा सगळ्या समाजांचा मिळून आहे, फक्त आपला नाही. पण आपण त्यातून बाहेर आहोत असं म्हणायला जागा नाही. लग्न ठरवताना वय कोण सांगतं? मोठी माणसं. "लडकी अठारा की हो गई." मुलीला वाटतं सोळा आहे, पण तिच्या वाटण्याला पुरावा काय? जन्मदाखला असेल तर काझीसाहेब तो पाहू शकतात, शिक्षिका पाहू शकते, 1098 वर फोन गेला तर आलेला माणूस पाहू शकतो. निकाह लावताना दोन्हीकडचे जन्मदाखले मागायचे, एवढी रीत आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीत पडली तर कितीतरी भाषणांचं काम होईल. 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर चालत गेल्या. त्या तोंडी तलाकाविरुद्ध बोलत होत्या. बाईचं आयुष्य कुणाच्या तोंडच्या शब्दावर सोडू नये, हेच त्यांचं म्हणणं होतं. वयाचंही तेच आहे. ते तोंडी असू नये.

आता एक प्रश्न तुमच्यातले काहीजण मनात विचारत असतील. ताई, वाढदिवस साजरा करणं आपल्यात चालतं का? यावर मतं वेगळी आहेत. काही उलेमा त्याला बिदअत म्हणतात, काही म्हणतात गैर काही नसेल तर हरकत नाही. मी आलिमा नाही, फतवा द्यायला उभी नाही. एवढंच सांगते. सहीह मुस्लिममधली हदीस प्रसिद्ध आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना सोमवारच्या रोजाबद्दल विचारलं, तेव्हा त्या दिवशी आपला जन्म झाला असं त्यांनी कारण सांगितलं. म्हणजे त्यांना आपल्या जन्माचा दिवस माहीत होता आणि तो त्यांनी शुक्र म्हणून पाळला. केक कापायचा की रोजा ठेवायचा, ते तुम्ही आणि तुमचं मन ठरवा. पण दिवस माहीत तरी हवा. बंदिपूरला मी केक खाल्ला, छान होता. 21 ऑगस्टला मी अम्मीसाठी तिच्या आवडीचं खाणं करते. दोन्हीत मला अडचण वाटत नाही.

आणि ज्यांच्या दिवसाची नोंदच झाली नाही त्यांचं काय होतं, तेही पाहा. फातिमा शेख. सावित्रीबाईंची सहकारी, आपल्या मुलींना आपण जिचं नाव अभिमानाने सांगतो ती. 9 जानेवारी तिची जयंती म्हणून आपण साजरी करतो. 2022 ला त्या दिवशी गूगलने तिचं डूडलही केलं. पण त्या तारखेला भक्कम आधार नाही, आणि आता काहीजण ती होती की नव्हती इथपर्यंत वाद घालतात. ती होती हे सांगणारा पुरावा मैत्रिणीच्या हातचा आहे. 10 ऑक्टोबर 1856 ला सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिलं, त्यात फातिमाला फार काम पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा उल्लेख आहे. एका पत्रातल्या एका उल्लेखावर एवढ्या मोठ्या बाईचं असणं टिकलं आहे. आपल्या मुलींचं असणं इतक्या बारीक धाग्यावर का ठेवायचं?

मला माहीत आहे, कागद हा शब्द आपल्या वस्तीत भीतीचा शब्द झालेला आहे. डिसेंबर 2019 नंतर झालेली धावपळ तुम्ही पाहिली आहे. 2025 च्या जूनमध्ये बिहारमध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल पुनर्तपासणी सुरू झाली, मागितलेल्या अकरा कागदांत जन्मदाखला होता, तेव्हा पुन्हा फोन सुरू झाले. भीतीने कागद गोळा करणारा माणूस दलालाकडे जातो, पैसे देतो, चुकीची तारीख लिहून घेतो आणि पुढे त्यातच अडकतो. हक्काने जाणारा माणूस ग्रामपंचायतीत जातो आणि पावती मागतो. आपल्याला दुसरा माणूस व्हायचं आहे.

म्हणून स्वयंसेवेबद्दल दोन शब्द. नेपाळला मी फार मोठं काही केलं नाही. तीसेक मुलांना बेरीज-वजाबाकी आणि कीबोर्ड शिकवला. पण एक कळलं. आपण दुसऱ्याच्या गावात जाऊन जे फुकट करायला तयार असतो, ते आपल्या गल्लीत करायला लाजतो. तुम्ही परदेशात जरूर जा. नेपाळला जा, आणखी लांब जा, मुलींनी तर नक्की जा. पण त्याआधी आणि त्यानंतर इथे काम आहे. ते मी सांगते, लिहून घ्या.

एक. आपापल्या गल्लीत या वर्षी कुणाकडे बाळ येणार आहे त्याची यादी आशाताई आणि अंगणवाडीताईंकडे असते. त्यांना भेटा. जन्म झाला की तुमच्या मोबाईलवर एकविसाव्या दिवसाची आठवण लावा. अकीक्याच्या दावतीला जाल तेव्हा जेवायच्या आधी विचारा, नोंद झाली का? लोक हसतील. हसू देत.

दोन. नावाचं स्पेलिंग एक ठेवा. शेख आपण मराठीत एकाच तऱ्हेने लिहितो, इंग्रजीत चार तऱ्हांनी. बाईच्या नावापुढे एका कागदावर बी, दुसऱ्यावर बेगम, तिसऱ्यावर काहीच नाही. नोंदीच्या दिवशी आई-बापांचे आधार कार्ड समोर ठेवून अक्षर न्‌ अक्षर जुळवून घ्या. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाच्या निर्णयाने आईचं नावही येतं. म्हणजे आईचं स्पेलिंगही तितकंच महत्त्वाचं. चूक झालीच तर ती दुरुस्त करायची तरतूद कायद्यात आहे, तिला उशीर करू नका.

तीन. 1 जूनवाल्या मोठ्या माणसांना त्रास देऊ नका. त्यांचे जुने कागद चालतात. 1 ऑक्टोबर 2023 च्या आधी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठीही शाळेचा दाखला चालतो. तारीख बदलायला कुणी पैसे मागत असेल तर त्याला हात जोडा.

चार. आज घरी गेल्यावर आईला, दादीला, शेजारच्या काकूंना विचारा, मी कधी झालो? कुठला चांद होता, कुठलं पीक उभं होतं, कुठला सण जवळ होता? सगळं लिहून काढा, आवाज रेकॉर्ड करा. या बाया आहेत तोवर ही कॅलेंडरं आहेत. माझ्या हिशोबात मदत करणाऱ्या मावशी आता थकल्या आहेत, गेल्या भेटीत त्यांनी मला नावाने हाक मारायच्या आधी थोडं थांबून पाहिलं.

या मंडपाच्या दारात आपण टेबल लावलं आहे. ज्यांच्या घरी 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेलं आणि नोंद न झालेलं मूल आहे, त्यांनी फक्त मुलाचं नाव, जन्माचं ठिकाण आणि कुणाचा तरी मोबाईल नंबर लिहून द्या. फोटो नको, पैसे नको. सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही चौघीजणी ती यादी घेऊन ग्रामपंचायतीत जाणार आहोत. अजून दोघे-तिघे आले तर बरं होईल, अर्ज हाताने लिहायचे आहेत.